हौद्यातली थंडी खालून येते

(गाडी, रस्ता आणि मुक्काम याविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना लष्करातून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले एक चालक उत्तरं देतात.)

प्रश्न : आमचा सिन्नर तालुक्यात मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे आम्ही दोघे भाऊ मोकळे आणि बोलेरो पिकअपही मोकळी. जानेवारीत हिमाचलमधल्या स्पितीला जायचं आणि हॉटेल न घेता हौद्यातच झोपायचं असा बेत आहे. ताडपत्री, गाद्या, सतरंज्या, पाइप सगळं घरचंच आहे. मध्ये कोळशाची छोटी शेगडी ठेवली तर रात्र निघेल का? अजून काय काय लागेल?

उत्तर : शेगडीचं आधी सांगतो. बाकी काहीही चुकलं तर थंडी वाजेल, हे चुकलं तर माणूस सकाळी उठणार नाही.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांनाही झोंबत नाही. धूर गेला, निखारे लाल झाले की शेगडी आत घ्यायला हरकत नाही असं आपल्याकडे मानतात. पण वायू तेव्हाही निघतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून जास्त पट घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. ताडपत्रीने आवळलेला तुमचा हौदा तर खोलीपेक्षा कितीतरी लहान. गॅसची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह यांनाही हेच लागू. इंजिन चालू ठेवून झोपणंही नको, गाडीचा धूर फटीतून हौद्यात शिरतो. लडाखला असताना आमच्या बुखारीचं (खोली उबवायच्या शेगडीचं) धुराडं बाहेर काढलेलं असायचं, तरी झोपण्याआधी ती विझवायची असा हुकूम होता आणि विझवली की नाही हे बघायला रात्री माणूस फिरायचा. तुमच्या हौद्यात फिरून बघणारा कोणी नाही. म्हणून कृपा करून शेगडी घरीच ठेवा. चहा-जेवण बाहेर, गाडीच्या आडोशाला करा. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो, तोही घ्या. मात्र अलार्म आहे म्हणून आत काही पेटवायचं नाही.

आता बेताचं. पहिल्याच हिवाळ्यात स्पिती करू नका, असं मी तुम्हाला मनापासून सांगेन. जानेवारीत मनालीकडच्या वाटेवरची कुंझुम खिंड बंद असते. रस्ता एकच, शिमला, रामपूर, किन्नौर करत काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव. काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, रात्री पारा उणे २०च्याही खाली जाऊ शकतो आणि विरळ हवेत पहिल्या रात्री धड झोपही लागत नाही. त्यात तुमची गाडी मागच्या चाकांवर ओढणारी. हौदा रिकामा असला की मागे वजन नसतं, आणि बर्फावर ती चाकं धरत नाहीत. डिझेलचाही प्रश्न आहे. नाशिकला भरलेल्या साध्या डिझेलमध्ये कडाक्याच्या थंडीत मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं ते याचसाठी.

त्यापेक्षा पहिली रात्र स्वतःच्या शेतात काढा. सिन्नर-निफाड पट्ट्यात थंडीच्या लाटेत पारा एक आकडी होतो, परीक्षेला तेवढं पुरे. काही कमी पडलं तर घर पाच मिनिटांवर आहे. मग तोरणमाळ. तिथे जमलं की माउंट अबू आणि पुढे राजस्थानातला शेखावटीचा भाग, फतेहपूर, चुरू. तिथे जानेवारीत कधी कधी पारा शून्याखाली जातो. रस्ता सपाट, गावं जवळजवळ, अडचण आली तर डॉक्टर गाठता येतो. परराज्यात जाण्याआधी मालवाहू गाडीचं परमिट आणि विमा आरटीओत विचारून घ्या. आणि हौद्यात झोपायचं ते गाडी उभी असतानाच. चालत्या गाडीत दोघेही केबिनमध्ये.

आता हौदा. बहुतेक लोक पांघरुणावर पैसे घालतात आणि अंथरुणाकडे बघत नाहीत. घरात आपल्या खाली जमीन असते. हौद्यात पातळ पत्रा असतो आणि पत्र्याखालून रात्रभर वारा वाहतो. पत्रा अंगातली ऊब शोषून खालच्या वाऱ्याला देतो. वर पाच रजया घेतल्या तरी हे थांबत नाही.

तुमच्या गाद्या कापसाच्या असतील. कापूस वजनाखाली दबतो, आणि दबला की त्यातली हवा जाते. ऊब धरते ती हवाच. शिवाय कापूस ओल पितो. म्हणून गादी पत्र्यावर टाकायची नाही. आधी हौदा धुऊन कोरडा करा. त्यावर दोन इंची घट्ट थर्माकोलचे तक्ते, ते चुरू नयेत म्हणून वर प्लायवूड. प्लायवर ईव्हीए फोमच्या मॅट, जिममध्ये एकमेकींत अडकवून अंथरतात त्या. त्यांतले हवेचे कप्पे बंद असतात, त्यामुळे त्या दबत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत. मग गादी, मग सतरंजी. थर्माकोल नसेल तर गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा बारदानात भरून दाबून अंथरा, पण तो कडक उन्हात वाळलेला हवा, आणि मग हौद्यात विडी-सिगारेट अजिबात नाही. विकतची मॅट घेणार असाल तर तिच्यावर आर-व्हॅल्यू बघा. आकडा जितका मोठा तितकी थंडी कमी चढते. फोमची साधी मॅट २च्या आसपास असते, बर्फात झोपायला ५ किंवा जास्त हवा. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते.

अंथरूण पुरेसं आहे की नाही हे अर्ध्या तासात कळतं. कुशीवर झोपा, मग आपल्या खुब्याखाली, गादी आणि फोमच्या मध्ये हात घाला. खुबा आणि खांदा या दोन जागी सगळं वजन येतं आणि गादी सर्वांत जास्त दबते. तिथे हाताला गार लागलं की अजून एक थर घाला. पाठीखाली तपासून उपयोग नाही, तिथे वजन पसरलेलं असतं.

वरच्या कामात तुम्ही माझ्यापेक्षा वाकबगार आहात. पाइपच्या कमानी टाका, पण उंच नको. बसल्यावर डोकं लागणार नाही एवढंच छत ठेवा, जितकी जागा कमी तितकी ती लवकर उबते. ताडपत्रीच्या आत, चार बोटं अंतर सोडून, मंडपाच्या कापडाचं अस्तर लावा. याचं कारण असं : दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत जातं. गार ताडपत्रीला लागून त्याचे थेंब होतात, ते पहाटे गोठतात आणि ऊन पडलं की अंथरुणावर ठिबकतात. अस्तर ते थेंब झेलतं. आणि दोन ठिकाणी हवेला वाट हवीच : फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बाजूला वर मूठभर फट, केबिनच्या बाजूला खाली तेवढीच. थंडीच्या भीतीने लोक सगळं घट्ट बांधतात आणि ओलीने कुडकुडतात. कोरडी थंडी सोसवते, ओली सोसवत नाही.

पांघरायला स्लीपिंग बॅग घेणार असाल तर तिच्या चिठ्ठीवर तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' तेवढं वाचा. 'लिमिट' म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघते ते. 'एक्स्ट्रीम' हा जीव वाचण्यापुरता आकडा आहे, आणि दुकानदार बहुतेक वेळा तोच दाखवतो. बॅग नसेल तर आत गोधडी आणि वर घोंगडी. घोंगडी अंगाला टोचते म्हणून हल्ली कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. दख्खनी मेंढीच्या लोकरीची धनगरी घोंगडी दव वरच्या वर झेलते आणि दमट झाली तरी ऊब सोडत नाही. माण, सांगोला, जत भागात आजही विणणारे आहेत. त्यांच्याकडून दोन घ्या.

दिवसभर घातलेले कपडे घामाने दमट असतात, वरून कळत नाही. झोपताना सगळे बदला, मोजेसुद्धा. झोपायचे मोजे वेगळे ठेवायचे आणि ते घालून हौद्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. डोक्याला कानटोपी, पण तोंड पांघरुणात घ्यायचं नाही, श्वासाने आतून सगळं ओलं होतं. तुम्ही भाऊच आहात, पाठीला पाठ लावून झोपा.

झोपण्याआधी बाजरीची भाकरी तुपाशी किंवा लोण्याशी खा, वर तिळगुळाचा लाडू. अंगात जळायला काही असेल तरच ऊब तयार होते. गरम पाण्याची स्टीलची बाटली मोज्यात घालून मांड्यांच्या मध्ये ठेवा. तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या ती ऊब पायांपर्यंत नेतात. झाकण आधी उलटं धरून तपासा. दारू मात्र नको. ती घेतली की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब बाहेर जाते. लघवीला लागली तर आळस न करता उठा, कारण अडवून धरली की झोप मोडते आणि मग थंडीच जाणवत राहते.

गाडी ओढ्याकाठी किंवा खोलगट जागी लावू नका. गार हवा जड असते, रात्री उताराने वाहत येऊन तळाला साचते. थोडं वर, झाडाच्या आडोशाला, बॉनेट वाऱ्याकडे करून लावा. सर्वांत कडक थंडी सूर्य उगवायच्या सुमाराला पडते, म्हणून पहाटेसाठी एक पांघरूण हाताशी राखून ठेवा.

प्रश्न : आम्ही चांदवड तालुक्यातले. बाबा (वय ६२) लाल कांदा घेऊन लासलगावला आदल्या रात्रीच जाऊन नंबर लावतात. पिकअप कांद्याने भरलेली, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बाबा गोधडी घेऊन झोपतात. सकाळी गोधडी ओली असते आणि अंग आखडलेलं. केबिनमध्ये पाय दुमडून झोपवत नाही म्हणतात. काय करता येईल?

उत्तर : ताई, बाबा उघड्या आभाळाखाली झोपतात, त्रास त्याचा आहे. निरभ्र रात्री वर तोंड करून असलेली प्रत्येक वस्तू आपली ऊब आभाळाकडे सोडते आणि हवेपेक्षाही गार होते, म्हणून तिच्यावर दव धरतं. बाबांच्या अंगावर, हातभर उंचीवर दुसरी छोटी ताडपत्री दोरीने ताणून बांधा. बाजू उघड्या राहिल्या तरी चालतील, डोक्यावर छप्पर हवं. मग दव त्या ताडपत्रीवर पडेल. कांद्यावरच्या ताडपत्रीखाली शिरून झोपायला मात्र देऊ नका. कांद्यातूनही ओल निघते, आणि आत हवा कोंडते.

पाठीखाली फोमची चटई गुंडाळून द्या, ती हलकी असते आणि ओली होत नाही. गोधडीवर घोंगडी. कानटोपी, लोकरीचे मोजे, थर्मासमध्ये चहा.

साठीनंतर अंगाला थंडी उशिरा जाणवते आणि कुडकुडून ऊब आणायची ताकदही कमी होते. म्हणून एक गोष्ट बाबांच्या शेजारी नंबर लावणाऱ्यांनाही सांगून ठेवा : माणूस कुडकुडायचा थांबला, पण बोलणं जड झालं, बरळायला लागला, हातातली वस्तू गळू लागली, तर तो बरा झालेला नसतो. अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ही लक्षणं आहेत. ओले कपडे काढायचे, कोरड्यात गुंडाळायचं, शुद्धीवर असेल तर गोड गरम प्यायला द्यायचं आणि लगेच दवाखाना. हातपाय चोळायचे नाहीत. छातीत दुखलं किंवा दम लागला तर नंबरचा विचार न करता निघायचं. शक्य असेल तर घरातलं तरुण माणूस रात्री पाठवा आणि बाबांना सकाळी लिलावाला.

प्रश्न : पुण्याहून लिहितोय. माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, हौद्यावर कॅनोपी (बंद छत) बसवली आहे. गाडीच्या बॅटरीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट लावून झोपलं तर चालेल का?

उत्तर : ब्लँकेट चालेल, गाडीची बॅटरी नको. १२ व्होल्टचं ब्लँकेट साधारण ४५ वॅट घेतं. आठ तासांचे ३६० वॅट-तास, म्हणजे ३० अँपिअर-तास झाले. स्टार्टरची बॅटरी एवढी उपसण्यासाठी बनवलेली नसते, आणि थंडीत तिची ताकद आधीच घटलेली असते. सकाळी गाडी सुरू होणार नाही. वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, पण ती शून्याखाली चार्ज करू नका, आतून कायमची बिघडते. रात्री अंथरुणाशेजारी ठेवा, सकाळी गाडी निघाल्यावर ती कोमट असेल तरच चार्जिंगला लावा. ब्लँकेट झोपण्याआधी अर्धा तास आणि पहाटे तासभर, एवढंच लावलं तर पुरतं. तुमचा हौदा पाच फुटांच्या आसपास आहे, पाय लांब करायला फाळका पाडावा लागेल. तिथे कॅनोपीला जोडून कापडी पडदा शिवून घ्या, आणि फाळक्यावरही तोच फोम अंथरा. पायांखाली उघडा पत्रा राहिला तर ब्लँकेटची ऊब तिथूनच जाईल.