अप्पा, खालची अक्षरं कुठं गेली?

प्रश्न : पोराने पुण्याहून त्याचा वापरलेला ३४ इंची रुंद मॉनिटर आणून दिला. ओसरीत टीव्ही म्हणून टांगला, मागे छोटा कम्प्युटर जोडला. सिनेमा लावला की चारी बाजूंनी काळं आणि मधे चित्र. पोराने व्हीएलसी या सिनेमा लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सी' दाबून चित्र पडदाभर करायला शिकवलं, तर मराठी सबटायटल खालून कापली जातात. परवा 'सून चुकली'चं 'सन चकली' झालं. आई दर दोन मिनिटांनी विचारते, "काय लिखेल शे रे?" काय करू?
— एक वाचक, चोपडा

अप्पा : आईंना आधी नमस्कार सांगा. पोराला रागावू नका, त्याने जे शिकवलं ते बरोबरच आहे, फक्त अर्धं शिकवलं.

स्कोप सिनेमाचं चित्र उंचीच्या २.३९ पट रुंद. पण डिस्क किंवा फाइल बनवताना ते १६:९ च्या चौकटीत बसवतात. १९२० बाय १०८० च्या चौकटीत चित्राच्या वाट्याला येतात जेमतेम ८०० ओळी. वरच्या १४० आणि खालच्या १४० नुसत्या काळ्या, आणि त्या बहुतेक वेळा फाइलमध्येच असतात. तुमचा मॉनिटर २१:९ चा, म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना तो स्वतःचं काळं घालतो. झालं पोस्टाचं तिकीट! 'सी' दाबून २.३९:१ आणलं की वरखालची पट्टी कापली जाते. पण सबटायटल करणारे बरेचदा अक्षरं मुद्दाम त्या खालच्या पट्टीत ठेवतात, घरोघरच्या साध्या टीव्हीवर चेहऱ्यावर चढू नयेत म्हणून. तुम्ही रिकामी समजून फेकली ती जागा रिकामी नव्हती.

हा घोटाळा मी टीव्हीच्या आधी टॉकीजमध्ये केलाय. ऑपरेटर होतो तेव्हा रविवारी सकाळी फिल्म सोसायटीच्या खेळाला एक जुनी बंगाली प्रिंट आली. चित्र जवळजवळ चौकोनी, आणि केबिनमध्ये गेटच्या प्लेटा, म्हणजे चित्राची चौकट ठरवणारे पत्रे, दोनच, स्कोपची आणि वाइडची. वाइडची लावली. पहिल्याच संवादाला खालची इंग्रजी ओळ प्लेटेने खाल्ली. प्रेक्षक ओरडायला लागले तसा मी फ्रेमिंगचा नॉब फिरवून चित्र वर ढकललं. ओळ दिसली, पण नायिकेचं कपाळ गेलं. सगळा खेळ असाच, कधी कपाळ, कधी ओळ. शेवटी एका प्राध्यापकांनी केबिनमध्ये येऊन मला चहा पाजला, बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

तुमच्याकडे नॉबपेक्षा बरी सोय आहे. आधी अक्षरांची जात ओळखा. संवाद चालू असताना 'व्ही' दाबा. अक्षरं गेली तर ती वेगळ्या ट्रॅकवर आहेत. कितीही दाबलं तरी राहिली तर चित्रातच भाजलेली.

वेगळी असतील तर प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलच्या पानावर अक्षरांचा आकार बदलून बघा. आकार बदलला म्हणजे साधा मजकूर, बहुधा एसआरटी. मग त्याच पानावर 'फोर्स सबटायटल पोझिशन' आहे, तिथे ६० घाला, सेव्ह करा, सिनेमा पुन्हा लावा. कमी पडलं तर आकडा वाढवत जा. मराठीला इंग्रजीपेक्षा दोन बोटं जास्त जागा सोडा. आपले उकार खाली लोंबतात आणि कापताना पहिले तेच जातात. तुमची 'सून' तशीच गेली. आकार बदललाच नाही तर ती बहुधा अक्षरं नसून अक्षरांची चित्रं आहेत, ब्ल्यू-रेवर असतात तशी. 'सबटायटल एडिट' हे फुकटचं सॉफ्टवेअर त्यांचा मजकूर करून देतं, पण मराठीत जोडाक्षरं तपासत बसावी लागतात. एका सिनेमाला एक दुपार धरा.

भाजलेली असतील तर 'सी'चा नाद सोडा. 'टूल्स'मधून 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स', त्यात 'व्हिडिओ इफेक्ट्स', त्यात 'क्रॉप'. तिथे वरून आणि खालून किती पिक्सेल कापायचे ते वेगवेगळं सांगता येतं. वरून १४० कापा, खालून ६०च. कडेला दीड-दीडशे पिक्सेलची काळी पट्टी उरेल, उरू द्या. आईंना वाचता येणं महत्त्वाचं, की मॉनिटर भरणं? आकडे १९२० बाय १०८० च्या फाइलचे आहेत. फाइल ४के असेल तर दुप्पट करा. आणि दुसरा सिनेमा लावण्याआधी तिथले आकडे परत शून्य करा, नाहीतर पुढच्या सिनेमाचं कपाळ कापून मला पत्र लिहाल.

प्रश्न : सबटायटलमध्ये मराठीऐवजी भलतीच चिन्हं येतात. फाइल खराब आहे का?
— एक वाचक, नंदुरबार

अप्पा : एसआरटी नोटपॅडमध्ये उघडा. तिथे मराठी नीट दिसली तर 'सेव्ह अॅज' करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि व्हीएलसीच्या सबटायटल पानावरही तेच ठेवा. चिन्हांऐवजी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट बदला, विंडोजमधला निर्मला चालतो. नोटपॅडमध्येही गिचमिडच असेल तर बहुधा कोणीतरी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलंय. ते आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावं लागेल.