खेळघर: वाचकांच्या शंका

प्रश्न: आम्ही पाच जण डी अँड डी (फासे टाकत, पात्रं होऊन गोष्ट रचायचा खेळ) खेळतो. पोळ्यावर तीन तासांचं साहस रचलं. सजलेले बैल झाले, पुरणपोळी झाली. मग सगळे बसून राहिले. कुठं अडलं? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर: झूल, बाशिंग, घुंगरं यांचं वर्णन पाच मिनिटं पुरतं. साहस निघतं ते रीतीतून: कोणाच्या आधी कोण, आणि काय झाल्याशिवाय काय होत नाही. पोळ्यात हे आयतंच आहे. आदल्या सांजेला बैलांची खांद (खांदा) शेकायची, त्यांना ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी आखरावर (गावची गुरं जमतात त्या जागी) तोरणाखाली जोड्या, झडत्या (पोळ्याची चढाओढीची गाणी), आणि मानकऱ्याची जोडी पुढं झाली की पोळा फुटला. तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

आता मानकऱ्याचा एक बैल आवतणाच्या रात्रीच गायब करा. तुमच्या जगात नियम असा: आवतण घेतलेला पाहुणा जेवला नाही, तर त्या गावाची जमीन वर्षभर पिकत नाही. बैल नेला मागल्या पोळ्याचा बोजारा (सणाचे पैसे) न मिळालेल्या सालदारानं (सालाच्या गड्यानं), आणि ते ठाऊक आहे फक्त ढोरक्याला (गुराख्याला). खलनायक शोधत बसायची गरज उरत नाही, सालदाराची बाजूही खरी असते. आवतण, रात्रीचा शोध आणि आखर यांना साधारण चाळीस-चाळीस मिनिटं द्या. उरलेला वेळ गप्पांत जातोच.

शेवटी मारामारी नको, झडत्यांचा सामना ठेवा. बैल उशिरा पोचलाय आणि दुसरं घराणं पहिला मान मागतंय. खेळाडूनं दोन ओळी स्वतः जुळवल्या तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, नुसतं ‘मी झडती म्हणतो’ म्हटलं तर एकच. लक्ष्य १५, आधी तीन जिंकेल त्याचा मान. हरले तरी पोळा फुटतोच, फक्त दुसऱ्याच्या हातून, आणि पुढच्या साहसाला भांडण मिळतं.

एक सांभाळा: तीस जोड्यांचा इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी कधी, तो आकडा) वेगवेगळा काढाल तर रात्र तिथंच संपेल. सगळा कळप एकच, आकडाही एकच. कोणी आगीचा मंत्र टाकलाच तर कळप बुजतो आणि तोरण वेळेआधी तुटतं.

प्रश्न: भेंडवळच्या घटमांडणीसारखं भाकीत ठेवलं, पण ते खरं ठरवायला खेळाडूंना ओढून न्यावं लागतं. (एक वाचक, जळगाव जामोद तालुका)

उत्तर: भाकीत आधी लिहून ठेवलंत की असं होणारच. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सांजेला शेतात घट मांडतात: भोवती अठरा धान्यं, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. पहाटे काय हललं ते पाहून वर्षाचा अंदाज सांगतात. खेळात अठरा फार होतात, सहाच घ्या, आणि प्रत्येक धान्य एका गटाला बांधा: सरकी विणकरांना, तूर सावकाराला, गहू राजाच्या फौजेला. पहाटे प्रत्येकासाठी सहा बाजूंचा एक फासा टाका. १–२ आला तर दाणे बाहेर फेकले गेले, तो गट दुबळा. ३–४ जसेच्या तसे. ५–६ आत सरकले, गट जोरात. कोणाचं वजन किती एवढंच ठरतं, नायक काय करतील ते मोकळं राहतं.

खरी मजा त्या रात्रीत आहे. दाणे हलवायला कोणीतरी येणार, पहारा खेळाडूंचा. त्यांनीच हलवले तर अडवू नका: भाकीत खोटं, पण गाव त्याच भरवशावर पेरणार. (खऱ्या शेतात पेरणी हवामान खात्याकडं बघून करा, ही गोष्ट वेगळी.)

प्रश्न: मारबत राक्षसीण म्हणून चालेल? (एक वाचक, उमरेड तालुका)

उत्तर: चालेल, पण वाया जाईल. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिचा पुतळा मिरवत नेऊन शिवेबाहेर जाळतात. म्हणजे पीडा वाहून नेणारी ती. प्रत्येकाला चिठ्ठीवर आपल्या पात्राची एक पीडा लिहून तिच्यावर चढवू द्या आणि शिवेपर्यंत सोबत जाऊ द्या. वाटेत ती मोडली तर चिठ्ठ्या उलट्या धरून एकेक ओढायची: कोणाची पीडा कोणाला लागेल, सांगता येत नाही. नाव मात्र बदला. नागपुरात पिवळ्या मारबतीला लोक मनापासून पूजतात. तिला हिट पॉइंट (किती मार सोसेल, तो आकडा) देऊ नयेत.