पन्नाशीला टेकल्यावर छोट्या क्लबमधल्या रॉक कॉन्सर्टला जावं का?

जरूर जा, आणि एकटं जावं लागलं तरी जा. माझं वय एकोणपन्नास. आमच्या पिढीनं रॉक ऐकलं ते मुंबईत, धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्यावर. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव तिथेच गाजला. छोट्या क्लबची मजा निराळी. तिथे बास कानांआधी बरगड्यांना कळतो. गेल्या खेपेला मी स्टेजपासून चार हातांवर होतो. गिटारवाल्याची तार तुटली, तिचं मोकळं टोक दिव्यात थरथरताना दिसत होतं, आणि तो नवी तार चढवून सुरात लावेपर्यंत ड्रमरनं एकट्यानं गाणं तोलून धरलं. स्टेडियममध्ये हे कुठलं दिसायला!

कानांची काळजी मात्र घ्याच. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि छोट्या बंद जागेत १०० सहज होतात. साध्या फोमच्या बोळ्यांनी झांजा आणि शब्द बोथट होतात. म्हणून संगीतासाठी मिळणारे फिल्टरवाले इअरप्लग घ्या, आवाज कमी होतो पण सूर शाबूत राहतो. स्पीकरच्या तोंडाशी थांबू नका. साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ उभे राहा, कारण तो स्वतःच्या कानाला नीट लागेल असाच आवाज जुळवतो. बूट जुने, मऊ तळव्याचे घाला.

तरुण पोरं बघतील ही भीती सोडा. मला तर त्यांनीच पुढे जागा करून दिली.