उपकारस्तुती, आणि तीही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी?

कळव्याहून एका वाचकाने विचारलं आहे : "आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं, मूळचं अहिल्यानगरकडचं. त्यांच्या बाबांची बायपास शुक्रवारी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता घरी उपकारस्तुती व प्रार्थना. सर्वांनी अगत्य यावे.' खाली बायबलातलं वचन : 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.' ऑपरेशन अजून व्हायचंय, मग उपकार कसले? आणि आभारप्रदर्शन म्हणजे तर गणेशोत्सवाच्या कार्यक्रमातला शेवटचा आयटम. हे शब्द खरे मराठी आहेत की भाषांतरकारांनी बसवलेले? आणि तिथे जाऊन आम्ही काय म्हणायचं?"

बसवलेले आहेत, पण बसवताना वापरलेलं लाकूड इथलंच आहे. 'उपकारस्तुती' म्हणजे उपकारांची स्तुती, सरळ षष्ठी तत्पुरुष. बायबलात थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" अशी आज्ञा आहे, तिथून तो शब्द घराघरांत गेला. त्याचा भाऊ 'उपकारस्मरण' बायबलातल्याच स्तोत्रसंहितेत भेटतो : "परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे." ख्रिस्ती मराठीच्या बाहेर हे दोन्ही शब्द क्वचितच कानावर पडतात, म्हणून ते तुम्हाला परके वाटले. मला विचाराल तर 'उपकारस्मरण' हा अधिक चांगला बनलेला शब्द आहे. स्तुती तोंडाने होते, स्मरणाला आत डोकवावं लागतं.

ठाण्यात ख्रिस्ती मराठीचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात, हे इथे सांगायला हवं. ठाण्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध फार जुना. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधूंना इथेच ठार मारण्यात आलं, ती हकीकत जॉर्डानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने युरोपला कळवली. पुढे पोर्तुगीज आले. तलावपाळीजवळच्या चर्चच्या परिसरातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या इथल्याच, कॅथलिकांच्या बोलण्यात मिस्सा (त्यांची मुख्य उपासना), पाद्री, क्रूस हे शब्द आहेत, ते त्या वाटेने आले. दुसरा प्रवाह प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा. विल्यम केरींचा मराठी नवा करार १८११ साली बंगालातल्या श्रीरामपुरात छापला गेला, १८१३ला अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि मग पंडितांना हाताशी धरून जे भाषांतर सुरू झालं त्याला संस्कृत समासांची भारी हौस. उपकारस्तुती, आभारप्रदर्शन, अंतःकरण, चिंताक्रांत ही त्या घराण्याची मंडळी. अहिल्यानगर, जालना भागातून नोकरीसाठी ठाणे-कळवा-ऐरोलीला आलेली ख्रिस्ती कुटुंबं बहुतेक याच परंपरेतली. हा संस्कृत कडकपणा सैल करायचं मोठं काम रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) केलं. त्यांनी ख्रिस्ती भजनं अभंग-ओवीच्या वळणावर नेली. गद्य बायबल मात्र बरंचसं त्याच थाटात राहिलं.

आता आभारप्रदर्शन. तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. आपल्याकडे 'आता आभारप्रदर्शन' असं माईकवर जाहीर झालं की मागच्या रांगा उठतात, कोणी खुर्च्या रचायला लागतं. हा शब्द सभेचा, प्रार्थनेचा नव्हे. 'प्रदर्शन' तर आणखी वाईट. देवासमोर प्रदर्शन मांडायचं कशाचं? बायबलाचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, तिथला मूळ शब्द एउखारिस्तिया. त्यात खारिस म्हणजे कृपा. लाभलेली कृपा ओळखून बोललेला शब्द, एवढाच त्याचा अर्थ. आजही अथेन्सच्या दुकानात सुटे पैसे परत घेताना माणूस 'एफखारिस्तो' म्हणतो, तो याचाच वंशज. कॅथलिक लोक मिस्साबलिदानाला इंग्रजीत ज्या 'युकरिस्ट' नावाने ओळखतात तेही हेच, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या गाभ्याचं नावच 'आभार' आहे. तो विधी ज्या जेवणातून आला ते जेवण पकडलं जाण्याच्या रात्रीचं. येशूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि वाटली. उद्याचं संकट ठाऊक असताना आज आभार, हा क्रम तिथपासून चालत आलेला आहे. तुमच्या शेजाऱ्यांनी नवीन काही काढलेलं नाही.

तरी अडचण उरतेच, कारण मराठीत उपकार हा हिशेबाचा शब्द झाला आहे. उपकार करतात, उपकाराखाली दबतात, उपकार फेडतात. आभाराच्या पोटातही भार बसलेलाच. देवाशी आपला रोजचा व्यवहार नवसाचा. आधी बोलायचा, काम झालं की फेडायचा, आणि राहून गेला तर आजी आठवण करून देते. हे फक्त हिंदूंचं नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जा, मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात आणि घेणारे सगळ्या धर्मांचे. ठाण्यातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यूही, मनासारखं झालं की घरी मलिदा करतात, गोड पोहे आणि फळं मांडून, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन. तोही मराठी बोलणाऱ्या घरांतला उपकारस्मरणाचाच विधी. या सगळ्यात काळाचा क्रम एकच : मागणी, मग फळ, मग आभार.

मेसेजमधलं वचन, पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं, हा क्रम मोडतं, आणि ते मोडण्याचं काम समासाने केलेलं नाही, 'सह' या दोन अक्षरांनी केलं आहे. 'आभारप्रदर्शनासह मागणी'. ग्रीकमध्ये इथे मेता आहे, म्हणजे सोबत. मागणी पुरी झाल्यावर आभार असं लिहिलेलं नाही, आणि मागणी सोडून देऊन नुसते आभार असंही नाही. ऑपरेशन नीट होवो हे मागायचं, स्पष्ट मागायचं; आणि त्याच दमात, इथवर जे मिळालं त्याची आठवण काढायची. तुमच्या शेजाऱ्यांच्या घरी गुरुवारी प्रत्यक्षात हेच होईल. कोणीतरी उभं राहून म्हणेल की दुखणं वेळेत लक्षात आलं, डॉक्टर चांगले भेटले, रक्त द्यायला पोरं तयार झाली, त्याबद्दल प्रभू तुझे आभार. आणि लगेच पुढच्या वाक्यात, सर्जनच्या हाताला यश दे. हे दोन भाग वेगळे करून पाहिलं की गोंधळ होतो.

तसंच "सर्व स्थितीत" मधल्या 'त'चं. सप्तमी आहे. स्थितीत आभार मानायचे, स्थितीबद्दल नव्हे. हृदयाच्या नळ्या तुंबल्या म्हणून कोणी देवाचे आभार मानत नाही, तुंबल्या असताना मानतं. इथे एखादा जाणकार मला अडवील : इफिसकरांस पत्रात सर्व गोष्टींबद्दल आभार मानायला सांगितलं आहे, आणि तिथे ग्रीकमध्ये ह्युपेर आहे, त्याचा अर्थ 'बद्दल' होतो. खरं आहे. ते वाक्य खाली दडपता येत नाही. पण ते स्तोत्रं-गीतं गात एकत्र जमलेल्या मंडळीला उद्देशून आलं आहे. ते उचलून आयसीयूच्या बाहेर बसलेल्या मुलीच्या हातात दिलं तर ते क्रूरपणाचं होईल. दुसऱ्याच्या दुखण्यावर 'याबद्दलही आभार मान' असा उपदेश करणारी माणसं प्रत्येक धर्मात असतात, त्यांना विभक्ती शिकवून उपयोग नाही.

मेसेजमधल्या वचनाचा पहिला भाग तुमच्या प्रश्नात आला नाही, पण सगळ्यात मजेचा शब्द तिथेच आहे. "चिंताक्रांत होऊ नका" आणि "चिंता करू नका" यांत फरक आहे. आक्रांत आणि आक्रमण एकाच धातूचे, क्रम्. चिंताक्रांत म्हणजे चिंतेने चाल करून ज्याला व्यापून टाकलं तो. ग्रीक क्रियापद मेरिम्नाओ असं काही लढाईचं नाही, ते साधं काळजी करणं आहे. लढाई मराठी भाषांतरकाराने आणली, आणि गंमत अशी की ती पुढच्या ओळीशी नेमकी जुळली. तिथे म्हटलं आहे की देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणं व विचार 'राखील'. त्या 'राखील'च्या जागी ग्रीकमध्ये पहारा देण्याचं, सैन्याची चौकी बसवण्याचं क्रियापद आहे. शेत राखणं, राखण, राखणदार हे शब्द आपल्याला परके नाहीत. एकीकडे चाल करून आलेली चिंता, दुसरीकडे पहाऱ्याला शांती. मूळात अर्धीच असलेली प्रतिमा मराठीत पुरी झाली, असं भाग्य भाषांतराला रोज लाभत नाही.

आणि मेरिम्नाओ हे क्रियापद वाईटच असतं असंही नाही. याच पत्रात पौल आपल्या सोबत्याबद्दल, तीमथ्याबद्दल लिहितो की तुमची खरी काळजी करणारा हाच, आणि क्रियापद तेच वापरतो. करिंथकरांना तर तो कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समूहांची, मेरिम्ना (काळजी) रोज माझ्या उरावर असते. म्हणजे 'चिंताक्रांत होऊ नका' हे बिनघोर माणसाने लिहिलेलं नाही. ते कैदेतून लिहिलेलं पत्र आहे, आणि मुळात आभाराचंच पत्र आहे : फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली होती, तो पौलाकडे येऊन मरणाला टेकला, वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं असं पौल सरळ लिहितो. आजारी माणसाची धास्ती काय असते हे त्याला ठाऊक होतं.

मराठीने इथे एक सोय आपोआप केली आहे, जी पुष्कळ भाषांना वेगळे शब्द शोधून करावी लागते. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. शब्द एक, क्रियापद बदललं की माणूस बदलतो. पेत्राच्या पत्रातलं वचन मराठी ख्रिस्ती घरांत भिंतीवर लावलेलं दिसतं : "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो." ग्रीकमध्येही इथे दोन वेगळे शब्द आहेत. 'टाका' हेही पाहा. 'सोडा' नाही. भार टाकतात तशी चिंता टाकायची, आणि भार टाकायचा तर आधी तो आहे हे मान्य करावं लागतं. स्तोत्रसंहितेत तर "हे परमेश्वरा, किती वेळ?" असं देवालाच विचारणारी विलापाची स्तोत्रं आहेत. तीही प्रार्थनाच धरली जातात, उपकारस्तुतीच्या शेजारी, एकाच पुस्तकात.

आता गुरुवारचं. 'देवाचे आभार' हे बरोबर, 'देवाला धन्यवाद' हेही बरोबर; 'देवाला आभार' मात्र नको, आभार मानायचे असतात, द्यायचे नसतात. तिथे 'परमेश्वराचा धन्यवाद कर' असं कोणी वाचलं तर व्याकरण चुकलं समजू नका. जुन्या मराठीत धन्यवाद म्हणजे धन्य म्हणणं, गौरव करणं, आणि तो कोणाचा तरी केला जाई. बायबलच्या मराठीत तो अर्थ टिकला, आपल्या बोलण्यातून गेला. मेसेजला उत्तर म्हणून 'गेट वेल सून'चा स्टिकर टाळा. 'तुमच्या प्रार्थनेत आम्हीही आहोत' एवढं लिहिलंत तरी पुरे. त्या घरात हे वाक्य नेमकं पोचेल. भेटल्यावर 'जय ख्रिस्त' म्हटलंत तर त्यांना आनंदच होईल. प्रार्थनेच्या शेवटी सगळे 'आमेन' म्हणतील. तो हिब्रू शब्द, 'खरंच, तसंच असो' या अर्थाचा. म्हणावासा वाटला तर म्हणा. न म्हणता नुसतं बसलात तरी कोणी वाईट वाटून घेत नाही, आणि नंतर चहा असतोच.