14 मीटर ब्रेकची खूण म्हणजे गाडी सुसाट होती का?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार विल्होळीजवळ सर्व्हिस रोडवर पिकअपवाल्याने गोडाऊनकडे गाडी वळवली, भाच्याने जुन्या दुचाकीचा ब्रेक दाबला आणि 14 मीटर खूण उमटली. आता समोरची पार्टी म्हणते, पोरगा सुसाट होता. अपघाताच्या गाड्या तपासण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून सांगतो: नुसत्या लांबीवरून असं म्हणता येत नाही.

हिशोब असा. खुणेची लांबी मीटरमध्ये घ्यायची, तिला घर्षणांकाने (टायरची रस्त्यावर पकड किती, तो आकडा) आणि 254 ने गुणायचं, वर्गमूळ काढायचं. ताशी किलोमीटरमध्ये वेग येतो. कोरड्या डांबरावर चारही चाकं जाम झालेल्या कारला घर्षणांक साधारण 0.7 धरतात. 14 मीटरला वेग येतो 50. पण दुचाकीचं फक्त मागचं चाक जाम झालं असेल तर पकड जवळपास निम्मी. 0.4 धरा, त्याच 14 मीटरला 38 येतात. कारचा आकडा दुचाकीला लावला की पोरगा फुकटचा 12 ने वेगवान ठरतो!

मागचंच चाक जाम झालं होतं का, हे मागच्या टायरवर बघा. एकाच जागी घासून गुळगुळीत झालेला पट्टा दिसेल. टायर बदलू नका, गाडी गॅरेजला देऊ नका. आधी मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होऊ द्या.

मात्र हे 38 म्हणजे किमान वेग. धडकताना उरलेला वेग त्यात मिळवावा लागतो, आणि तो सरळ बेरजेने नाही, वर्गांच्या बेरजेने: दोन्ही वेगांचे वर्ग करून मिळवायचे, मग वर्गमूळ काढायचं. धडक 30 ने बसली असेल तर मूळ वेग 48 च्या आसपास, 68 नाही. ही चूक मी शिकल्यासवरलेल्या लोकांना करताना पाहिलीय.

धडक कुठे बसली यावर खरं भांडण होतं. काचा कुठे पडल्या हे फार धरू नका, त्या उडतात, लोक लाथेने बाजूला सारतात. खूण जिथे एकदम वाकडी होते आणि फूटरेस्टने डांबर खरवडायला सुरुवात होते, ती जागा जास्त बोलकी. पंचनाम्यातल्या नकाशात ती विजेचा खांब, किलोमीटरचा दगड अशा दोन पक्क्या ठिकाणांपासून मोजलेली हवी. 'रस्त्याच्या मध्यापासून अंदाजे' असं लिहिलं असेल तर त्याला कुणीही उडवून लावेल.

पिकअपवाला म्हणतो इंडिकेटर दिला होता. त्या बाजूचा दिवा फुटलाय पण जुन्या पद्धतीचा बल्ब शाबूत असेल, तर तो जपायला सांगा. दिवा चालू असला तर आतली तापलेली तार धक्क्याने ताणून लोंबते. थंड तार बहुधा तशीच राहते किंवा कडकन तुटते. इंडिकेटर उघडझाप करतो, म्हणून निष्कर्ष जरा जपूनच. एलईडी असेल तर त्यात तारच नसते, विषय संपला.

गोडाऊनच्या सीसीटीव्हीसाठी आजच तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो, वकील लवकर गाठा. आणि पंचनाम्याची नक्कल हातात आली की खूण कुठून कुठपर्यंत मोजलीय तेवढं नावं झाकून इथे टाका, आकडेमोड करून देतो.