शंभर वर्षं जुनी क्लासिकल गिटार मिळाली आहे. टॉपला (पुढच्या फळीला) चीर आहे, ब्रिज (टॉपवरची, तारा बांधायची पट्टी) किंचित उचललाय. तारा चढवून वाजवू शकतो का?

वाजवू शकाल, पण तारा सगळ्यात शेवटी. सध्याच्या तारा सैल करा, आणि स्टीलच्या असतील तर आजच उतरवा. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण 40 किलोच्या आसपास असतो, स्टीलचा 70 च्या घरात. नायलॉनच्या तारा 1940 च्या दशकात आल्या. तुमची गिटार त्याआधीची, म्हणजे आतड्याच्या तारांसाठी बांधलेली. स्टीलने अशा पातळ टॉपला ब्रिजमागे पोक येतो आणि ब्रिज उपटतो.

चिरेलाही लगेच हात लावू नका. लाकूड सुकलं की आक्रसतं आणि चीर उघडते. गिटार दोन-तीन आठवडे 45 ते 55 टक्के आर्द्रतेत ठेवा, केसमध्ये हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) असू द्या. बऱ्याच चिरा एवढ्यानेच मिटतात. त्यानंतरही फट उरली, तर त्यात टॉपच्याच जातीच्या लाकडाची, बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची, पातळ कामटी बसवावी लागते.

तोवर साउंडहोलमधून छोटा आरसा आणि दिवा घालून टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या बघा. टॉपवर बोटाच्या पेराने टकटक करा. सुटलेली पट्टी खडखडते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. तो सहज आत जात असेल, तर फटीत गोंद सोडून भागणार नाही. ब्रिज ऊब देऊन पूर्ण काढायचा, दोन्ही पृष्ठभाग साफ करायचे आणि मग पुन्हा बसवायचा.

हे सगळं सरसानेच (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने) करा, यावर मी अडून बसेन. सरसाचा सांधा ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, आणि नवा सरस जुन्यावर धरतो. पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, शिवाय लाकडात मुरला की पुढच्या दुरुस्तीला तिथे काहीच नीट चिकटत नाही. सरसाचे दाणे गार पाण्यात फुगवा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून 60 अंशांपर्यंत तापवा. 70 च्या पुढे गेला तर ताकद जाते. लाकूडही आधी कोमट करा, नाहीतर क्लॅम्प लावायच्या आतच सरस थिजतो आणि सांधा पोकळ राहतो. चीर चिकटल्यावर आतून दोन मिलिमीटर जाडीचे स्प्रूसचे छोटे तुकडे लावा, त्यांच्या लाकडाच्या रेषा चिरेला आडव्या ठेवून.

पॉलिश बहुधा चपडा लाखेचं असेल. स्पिरिटने ते विरघळतं, म्हणून पुसायला जेमतेम ओलसर कापड पुरे. पॉलिशपेपर कृपया लावू नका.

शेवटी कमी ताणाच्या नायलॉन तारा चढवा आणि पहिला आठवडा पूर्ण एक स्वर खाली लावून ठेवा. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली 3, जाड तारेखाली 4 मिलिमीटर अंतर ठीक. जास्त असेल तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासण्याआधी सरळ पट्टी ठेवून नेक तपासा. नेक पुढे झुकला असेल आणि बांधणी स्पॅनिश पद्धतीची, म्हणजे बाजूच्या फळ्या नेकच्याच ठोकळ्यात खाचून बसवलेल्या असतील, तर तो सुटा करता येत नाही. ते काम जुन्या वाद्यांवर हात बसलेल्या कारागिराकडेच द्या.