‘डोये’ वाचणारं मूल चुकतंय का?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, आमच्या घरी सगळे वऱ्हाडी बोलतात. मुलगा दुसरीत आहे. पुस्तकात ‘डोळे’ असलं की तो ‘डोये’ वाचतो, ‘मला’चं ‘मले’ करतो. ‘राजू शाळेत जातो’ हे त्याच्या तोंडी ‘राजू शायेत जाते’ होतं. वहीत शेरा आलाय, ‘घरी शुद्ध बोला, वाचन सुधारेल.’ तेव्हापासून सासूबाईंना नातवाशी बोलायचीही चोरी झालीय. खरंच घरातली बोली बंद करावी का?

उत्तर : मुळीच नको. सासूबाईंना बोलू द्या, जितकं बोलतील तितकं चांगलं.

तुमच्या मुलाने ‘डोळे’चं ‘डोये’ केलं, ‘डोके’ केलं नाही. माझ्या लेखी या दोन्हींत फार अंतर आहे. ‘डोके’ म्हणाला असता तर अक्षर ओळखण्यात घोळ आहे असं मी म्हटलं असतं. ‘डोये’ म्हणणाऱ्याने अक्षरं लावली, शब्द ओळखला, अर्थ त्याच्या डोक्यात शिरला आणि मग तो घरच्या उच्चारात बाहेर पडला. ‘जातो’चं ‘जाते’ तर त्याच्याही पुढचं. वऱ्हाडीत ‘तो जाते’ हेच बरोबर आहे, त्यामुळे वाक्य कळल्याशिवाय ही अदलाबदल होणारच नाही. काहीही न कळता वाचणारं मूल उलट ‘जा-तो’ असं तंतोतंत छापील वाचतं आणि शाबासकी मिळवून जातं!

पहिली-दुसरीचे वर्ग मी बरीच वर्षं घेतले. अशा वेळी मी मुलाला मध्येच टोकायचे नाही. वाक्य पुरं वाचून होऊ द्यायचे, मग ‘मला’मधल्या ‘ला’वर बोट ठेवून विचारायचे, ‘इथे काय लिहिलंय?’ मूल बहुधा ‘ला’ म्हणून मोकळं व्हायचं, वर बाईंना एवढंही येत नाही का, अशा नजरेने माझ्याकडे बघायचं. प्रश्न मिटला. तिथेही ‘ले’ म्हणालं, तर काना आणि मात्रा यांतला फरक पक्का व्हायचा राहिलाय. तो शिकवायचा, त्यासाठी घराला नावं ठेवायची गरज नाही. तुम्हीही घरी हे करून बघा.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीवरून तो रंगला होता. केनेथ गुडमन हे वाचनाचे अभ्यासक 1965 साली म्हणत होते की बोली आणि पुस्तकाची भाषा यांत जितकं अंतर जास्त, तितकं वाचणं अवघड. पुढे मुलं मोठ्याने वाचताना नेमक्या कुठे घसरतात हे त्यांनी बारकाईने ऐकलं आणि 1973 मध्ये आपलं म्हणणं बदललं. बोलीतल्या उच्चारामुळे अर्थ समजायला अडत नाही, अडतं ते शिक्षक त्या बोलीला चूक ठरवतात म्हणून, असं त्यांचं नवं मत होतं. स्वीडनमध्ये त्याआधीच टोरे ऑस्टरबर्ग यांनी पिटेओ भागात मुलांच्या एका गटाला सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या बोलीतूनच वाचायला शिकवलं आणि मग प्रमाण स्वीडिशकडे नेलं. वर्षअखेरीला प्रमाण भाषा वाचण्यातही तोच गट पुढे होता. हा अभ्यास 1961 साली प्रसिद्ध झाला.

आता बोली जिथे खरोखर आडवी येते, तिकडे वळू. ती जागा म्हणजे शुद्धलेखन. वाचताना ‘ळ’ डोळ्यांसमोर असतो. श्रुतलेखनात मात्र सगळी भिस्त कानावर, आणि ज्या घरात ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणतात, तिथल्या कानाला ती खूण मिळतच नाही. मग ‘पानी’, ‘शाया’ असं वहीत उतरतं. अरबी मुलांबद्दल एलिनोर सायेघ-हद्दाद यांनी असंच दाखवलंय: पुस्तकी अरबीतले जे ध्वनी घरच्या बोलीत नसतात, तेच वेगळे काढायला मुलांना जास्त जड जातात. अशा शब्दांवर ‘नीट ऐक’ हा उपाय नाही. ते डोळ्यांनी पाठ व्हावे लागतात: कार्डावर, भिंतीवर, पुन्हा पुन्हा लिहून. यात तुमच्या मुलाला काही कमीपणा नाही. ‘ष’ आणि ‘श’ कोण वेगळे म्हणतं? ‘ज्ञ’ लिहितो आणि ‘द्न्य’ म्हणतो. ‘कवी’तला ‘वी’ दीर्घ आहे हे कुणालाच ऐकून कळत नाही, शब्दाच्या शेवटी दीर्घ असा नियम आहे म्हणून आपण तसं लिहितो. तथाकथित शुद्ध घरातलं मूलही हे सगळं डोळ्यांनीच शिकतं, पण त्याच्या घरी शेरा जात नाही.

दुसरी अडचण वाक्यांची. ‘मुले खेळत होती’, ‘त्याने उत्तर दिले नाही’, ‘ती उद्गारली’ असं घरात कुणीच बोलत नाही. पुण्यातही ‘मुलं’ आणि ‘दिलं’च म्हणतात. पुस्तकाची भाषा सगळ्याच मुलांना थोडी परकी असते, बोली बोलणाऱ्यांना जरा जास्त. त्यावर उपाय एकच, मुलाला रोज वाचून दाखवा. वाचताना छापलेलं तसंच वाचा, आणि मध्ये थांबून त्याबद्दल गप्पा मात्र वऱ्हाडीतच मारा. ‘उद्गारली म्हंजे काय रे?’ असं आजीनेच विचारलं तर फारच उत्तम.

एक सावधगिरी. सगळं बोलीवर ढकलू नका. दुसरी संपत आली तरी ‘घर’, ‘आई’, ‘काका’ असे रोजचे शब्दसुद्धा मुलाला जुळवता येत नसतील, कालची अक्षरं आज अनोळखी वाटत असतील, तर त्याचा बोलीशी संबंध नाही. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. ‘घरचं बोलणंच तसं आहे’ म्हणत दोन-दोन वर्षं वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : बाई, मी शिक्षक आहे. पहिलीच्या माझ्या वर्गात बहुतेक मुलं घरी गोंडी बोलतात. अक्षरं आली, काना-मात्रा आल्या, धडा खणखणीत वाचतात. पण एक प्रश्न विचारला की सगळे गप्प. वरच्या उत्तराप्रमाणे त्यांनाही फक्त वाचून दाखवत राहू का?

उत्तर : सर, तुमची अडचण निराळी आहे. गोंडी ही मराठीची बोली नाही, ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. ‘डोये’ म्हणणाऱ्या मुलाच्या कानात शब्द आधीपासून असतो, त्याला फक्त तो कागदावर भेटतो. तुमच्या मुलांना ‘डोळे’ हा शब्दच नवा आहे. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचा एक सोपा हिशेब मांडला: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा कळण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. तुमच्या वर्गात पहिली बाजू उत्तम आहे, म्हणजे शिकवण्यात तुम्ही कमी पडलेला नाही. दुसरी बाजू उभी करायची राहिलीय.

त्यासाठी आधी बोलणं. धड्यातले शब्द वाचायच्या आधी तोंडात रुळू द्या: वस्तू हातात देऊन, कृती करून, चित्रावर बोट ठेवून. मुलांना त्यांचा अनुभव गोंडीत सांगू द्या, त्यातलं एक वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहा आणि तेच वाचायला लावा. गोंडी येत नसेल तर मोठ्या वर्गातला एखादा मुलगा किंवा गावातली एखादी ताई सोबत घ्या. आपण बोललेलं फळ्यावर दिसतं आणि ते परत तोंडाने म्हणता येतं, हे एकदा मुलाला उमगलं की मराठी वाचताना ते अर्थ शोधू लागतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, तेव्हा कुणी हरकत घेतली तर ते पुढे करा.

आणि घाई नको. आपल्या लिपीत मुळाक्षरं, मात्रा, जोडाक्षरं मिळून शिकायच्या आकृत्या शेकड्यांनी होतात. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरांची ही ओळख पहिलीत संपत नाही, पुढची काही वर्षं चालू राहते असं आढळलं. कन्नडची लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची आहे.

प्रश्न : नात इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. घरी मराठी उत्तम बोलते, पण मराठी वाचताना अडखळते. दोन लिप्यांमुळे गोंधळ होतोय का? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, गोंधळ नाही, सराव नाही. शब्दाचे तुकडे पाडून आवाज जुळवायचे हे तिला एकदा आलंय, ते दुसऱ्या लिपीतही कामी येतं. शिवाय मराठी तिला बोलता येते, म्हणजे मघाच्या हिशेबातली अवघड बाजू तयारच आहे.

ती तीन ठिकाणी अडखळत असेल. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर करायचा असतो. जोडाक्षरांत अर्धं अक्षर ओळखू येत नाही. आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार लिपी वेगळे दाखवत नाही: ‘चार’मधला आणि ‘चारा’मधला ‘च’ म्हणून बघा. इथे तिला तुमचा उपयोग आहे. ती चुकीचा ‘च’ लावून थबकली, तर लगेच सांगू नका. ‘दुसऱ्या च ने म्हणून बघ’ एवढंच म्हणा. शब्द कानात आहेच, तिचा तिलाच सापडेल.